खडशीची पाठवणी

पुणे,
१४ डिसेंबर १९८१

ती. मावशीआजीस,
जयाचा नमस्कार.

सुखरूप पोचले. तू बांधून दिलेली लसणाची चटणी एसटीत सांडली, त्यामुळे भूगावपासून पुढे माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. पाय पसरून आले. आईने विचारलं, "माझी मावशी कशी आहे?" मी म्हटलं, गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत.

आठवडाभर मी तुझ्या अंगणात ओली जाळी वाळत घातली आणि तू फक्त एवढंच विचारलंस, "ही पोरगी कॉलेजात जाती का कोळ्याकडं?" म्हणून आता नीट लिहून कळवते.

पावसाळा सरला की मुळा नदी उतरते आणि मागे डोह उरतात. तुमच्या वाडीजवळचा आसरांचा डोह खोल आहे. खाली कुशाबांच्या वाडीला लागून म्हशींचा डोह आहे, तो उथळ. मधे दगडांचा उतार. या दोन्ही डोहांत खडशी आहे. हा मासा बाकी नद्यांतून दिसेनासा होत चाललाय. मला शोधायचं आहे ते इतकंच, की त्या दगडांवरून किती पाणी वाहत असलं म्हणजे खडशीला एका डोहातून दुसऱ्या डोहात जाता येतं. ते कळलं तर उन्हाळ्यात नदीत निदान किती पाणी वाहतं ठेवायला हवं, हे सांगता येईल. म्हणून मी वरच्या डोहातल्या खडश्यांच्या पाठीच्या पराला तांबडा मणी बांधला आणि खालच्यांना पिवळा. अधूनमधून येऊन बघणार, कोण कुठे सापडतं ते.

एकच विनंती. कोंडिबाकाका विहिरीच्या सुरुंगाचे तोटे डोहात टाकून मासे मारतात, असं कानावर आलं. त्यांना आवर. बाबांनी मला जूनपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर यातून काही निघालं नाही, तर सरळ बँकेच्या परीक्षेला बसायचं. मणी बांधलेले मासे कालवणात गेले, तर मीही बँकेत गेले म्हणून समज.

तुझी,
जया


आसरांची वाडी, पौडजवळ
ता. २९ डिसेंबर

चि. जयी,
आशीर्वाद हायेच. पत्र लिवायला कारण तूच.

मी दुसरी पास हाय, तवा अक्षराला नावं ठिवू नको. लागंल तसं लावून वाच. चष्मा हाय पण त्येची एक काडी मांजरानं न्हेली.

तू म्हणतीस खडशी दिसंनाशी झालीया. जाईल कुटं? कोंडिबाच्या पातेल्यात. मी त्येला बोलावून म्हटलं, "कोंड्या, त्या मणीवाल्या माशांला हात लावायचा न्हाई." त्यो म्हणतो, "काकी, मणी काढून ठिवीन की. पोरीला परत द्या." इतका सभ्य पुतण्या कुणाला मिळतो?

सरळ सांगून ऐकणारा असता तर त्येची आई सुखानं मेली असती. म्हणून मी त्येला सोडला आन् त्येची बायको धरली. पाणवठ्यावर धोंडाबाईच्या कानात एक शब्द टाकला. म्हटलं, "बाई गं, आमची जयी माशांला मणी बांधाय आली न्हवती. साती आसरांनी तिच्याकडनं बांधून घेतलं. पोरीला घरी गेल्यावर आठवंना बी, काय केलं त्ये." डोहातल्या साती बहिणींना आमच्याकडं पाटलापरीस जास्त भितात, हे तुला ठावं न्हाई. पाटील मरतो, आसरा मरत न्हाईत.

धोंडाबाईला सांगितलं म्हंजी पौडाच्या पोस्टात टाकल्यावाणीच, फक्त तिकीट लागत न्हाई. संध्याकाळपतुर कोंडिबा तोटे पेंढ्यात लपवून डोहाला हात जोडून आला.

तवा मासे हायेत. मला इचारशील तर मासा म्हंजी कालवण. पण तू बँकेत बसून लोकांचे पैसे मोजण्यापरीस माशांचे मणी मोजलेले बरे. मासे उलट बोलत न्हाईत.

रंभा


पुणे,
११ जानेवारी १९८२

ती. मावशीआजीस,
नमस्कार.

परवा आले तेव्हा तू पौडच्या बाजाराला गेली होतीस, म्हणून भेट झाली नाही. काम चांगलं झालं. दगडांवरून अजून पाणी वाहतंय आणि दोन पिवळे मणी वरच्या डोहात आले आहेत, आपल्या आपण! मी पाण्याची खोली मोजून ठेवली. पाणी उतरत जाईल तसं येणं-जाणं कधी थांबतं, ते आता बघायचं. दगडांवरचं पाणी आटलं की मला कळव.

आसरांचं तू जे केलंस त्यावर मला रागवायला हवं. आम्ही कॉलेजात अंधश्रद्धेवर भाषणं ऐकतो आणि इथे माझेच मासे देवीचे झालेत. सरांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. पण तोटे थांबले हे खरं, म्हणून या वेळी गप्प बसते. पुन्हा असं काही करू नकोस. मासे होते तसे, होते तिथे असले पाहिजेत. माझा सगळा अभ्यास त्या एका गोष्टीवर उभा आहे.

तुझी,
जया


आसरांची वाडी
ता. २ फेब्रुवारी

चि. जयीला आशीर्वाद.

पत्र पोचलं, पण तुझ्या शहाणपणाला जरा उशीर झाला.

कोंडिबा आता भगत झालाय. डोहाच्या काठाला तांबडं फडकं लावून बसतो. ज्या हातानं तोटे फेकायचा त्याच हातानं अंगारा देतो. बाया ओटी भराय येत्यात. नूरजहाँ मणेरीण बाजारच्या दिवशी बांगड्यांचं दुकान डोहावरच मांडती. आसरांना हिरव्या बांगड्या लागत्यात, त्या वाहायच्या. ती मला हळूच म्हणती, "रंभाबाई, मासा बोलत न्हाई म्हणून तुमचं खपतंय." मी म्हटलं, "आन् बाया बोलत्यात म्हणून तुझं."

पण खालच्या वाडीच्या पोटात दुखाय लागलं. कुशाबा माझ्या वट्यावर येऊन बसला. म्हणतो, "तांबडा मणी देवीचा, मग आमच्या डोहातला पिवळा काय गाढवाचा? आमच्याकडं आसरा येत नसतील तर आमी तोटे टाकतो." घे! करायला गेले गणपती आन् झाला मारुती.

त्येचं बी भांडण मिटवलं. कसं मिटवलं त्यात तू पडू नको. परवा वाडीत पाठवणी झाली. ताशा वाजला, बायांनी डोळ्याला पदर लावला. लेक घागरीत बसून सासरी गेली. डोलीत बसाय तिला मांडी न्हवती.

दगडांवरलं पाणी संकरांतीनंतर आटलं. तू कळवाय सांगितलं व्हतंस, म्हणून कळवलं.

रंभा


पुणे,
२० फेब्रुवारी १९८२

प्रिय मावशीआजी,

बस. हातातलं काम ठेव. चष्म्याला काडी लाव आणि वाच.

मी येऊन गेले तेव्हा तुला नीट सांगता आलं नाही, कारण मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. खालच्या डोहात तांबड्या मण्याच्या तीन खडश्या सापडल्या! मधले दगड कोरडे. जानेवारीत मी स्वतः मोजले तेव्हा तांबडा मणी एकही खाली नव्हता. म्हणजे पाणी आटल्यावर त्या वरून खाली गेल्या. कशा? कुठून? आजवर कुणी हे लिहिलेलं नाही.

सरांनी आधी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय. मग त्यांनी माझी नोंदवही स्वतः तपासली आणि दोन तास खोलीत फेऱ्या मारल्या. एप्रिलच्या चार तारखेला पुण्यात मोठी सभा आहे, मुंबईचे आणि बाहेरचे अभ्यासक येणार आहेत. तिथे हे मी वाचून दाखवायचं! बाबांनी पहिल्यांदाच विचारलं, "खडशी म्हणजे नक्की कोणता गं मासा?"

तुमच्या वाडीतली माणसंही किती गोड. मी मासे काढत होते तेव्हा काठावर सगळ्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. कोंडिबाकाकांनी तर प्रत्येक तांबड्या मण्याला नमस्कार केला. तुझ्या पत्रातली ती पाठवणी म्हणजे भातुकलीच्या बाहुलीची असणार. मजेदार रीत आहे, पुढच्या वेळी मला दाखव.

आता एकच विचारते, आणि नीट आठवून खरं सांग. संक्रांतीनंतर मधे कधी एखादा दिवस तरी दगडांवरून पाणी वाहिलं का?

तुझी अतिशय आनंदात असलेली,
जया


आसरांची वाडी
ता. ३ मार्च

चि. जयी,

पाणी वाहिलं का म्हणून इचारलंस. न्हाई वाहिलं. दगड ठाक कोरडे हायेत, मी त्यांवर मिरच्या वाळत घातल्यात. जेवढं इचारलं तेवढं सांगितलं. जास्त सांगणाऱ्याची उलटतपासणी होती.

बाकी सगळं ठीक. मांजराला पिल्लं झाली, चौघंबी चोर हायेत. नूरजहाँच्या सुनेनं शिवणाची मशीन घेतली. माझ्या वांग्यांना ह्या साली फूल चांगलं हाय.

सभेत लई बोलू नको. माणसानं मोठ्यांच्यात थोडकं बोलावं आन् लवकर खाली बसावं.

रंभा


पुणे,
१८ मार्च १९८२

प्रिय मावशीआजी,

तुझं पत्र सरांना दाखवलं, फक्त पाण्याचा भाग. ते म्हणाले, "मिरच्या वाळत घातल्या होत्या, याहून कोरडेपणाचा पुरावा काय हवा!" सभेच्या कागदात त्या मिरच्याही आल्या आहेत.

सरांचा तर्क असा, की पहाटे दव पडून दगड ओले होतात, तेव्हा खडशी अंग घासत, उसळ्या मारत उतारावरून जात असावी. मला आधी पटलं नव्हतं. पण तीन मासे खाली गेले, हे तर डोळ्यांनी दिसतंय.

आणखी एक. पाण्याचा हिशेब ठेवणारे एक साहेब सरांकडे आले होते. हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, म्हणजे उन्हाळ्यात माशांसाठी नदीत पाणी वाहतं ठेवण्याचं काही कारणच उरलं नाही. झरे-ओढे वरच अडवता येतील, असंही म्हणाले. मी यासाठी नव्हतं हे सुरू केलं. पण जे दिसलं ते दिसलं. अभ्यास करणाऱ्याने आपल्याला हवं तेच बघायचं नसतं, असं सर म्हणतात. मला रात्री झोप येत नाही, ते आनंदाने की आणखी कशाने, ते कळत नाही.

तुझी,
जया


तार
पौड, २७ मार्च

मासे दगडावरून गेले नाहीत. आम्ही घागरीतून नेले. सभेत वाचू नको. पत्र येतंय.
रंभा


आसरांची वाडी
ता. २७ मार्च

चि. जयी,

तार नूरजहाँच्या हाती पाठवली. तारमास्तर तिला म्हणला, "ह्यात घागर कशाला? शब्द कमी करा." ती म्हणली, "सगळं काढा, पण घागर र्‍हाऊ द्या."

झालं असं. कुशाबा तोटे टाकीन म्हणून बसला व्हता. टाकले असते तर तुझे पिवळे मणी समदे वर आले असते, पोट वर करून. मग मी म्हटलं, "कुशाबा, आसरा सात बहिणी. साती जणी काय जन्मभर माहेरीच बसणार? एकीचं सासर तुझ्या डोहात हाय. मागणी घाल, रीतसर धाडतो." म्हणून त्यांनी मागणी घातली. नारळ आला, खण आला. तांबड्या मण्याची एक खडशी कोंडिबानं जाळ्यानं काढली, पाणी भरल्या घागरीत सोडली. माझ्या कपाळाला कुंकू न्हाई म्हणून ओटी भराय मला उभं करत न्हाईत. हुकूम सोडाय कुंकू लागत न्हाई. धोंडाबाईनं घागर उचलली, मी मागनं वरडत गेले. कोंडिबा खराच रडला. त्येच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात त्यो पत्रावळी मोजत बसला व्हता.

मग काय, एकीला सासर मिळालं म्हटल्यावर बाकीच्यांचं बी बघाय नको? सात धाडल्या. तुला तीन सापडल्या.

तू आलीस तवा समद्यांना दटावलं व्हतं, पाठवलेल्या लेकीचं नाव काठावर घ्यायचं न्हाई, उलटतं. म्हणून तोंडाला पदर.

मग तवाच का सांगितलं न्हाई? तुझं त्वांड बघून. जाळ्यातनं तांबडा मणी निघाला तवा तू अशी हसलीस, की माझी थोरली बहीण, तुझी आजी, समोर हुबी राहिली. आन् चुलीवर भाकरी बी करपत व्हती. दोन्हींतलं एक बघावं लागतं. मला वाटलं, चार शिकल्यालं लोक चार दिस दगडं हुंगतील, बिघडलं कुटं?

पण आता तुझा सायेब म्हणतो वरचं पाणी अडवतो. मग माझी वांगी कशावर जगायची? त्या दगडांखालनं जो झिरपा येतो, त्यावर माझा वाफा हाय. दवावर मासा चालत असंल तुझ्या सराचा, वांगं चालत न्हाई.

तवा उठून खरं सांग. माझं नाव घ्यायचं तर घे. पूर्ण घे, रंभाबाई म्हण, अर्धं घेतलं की लोकांना दुसरी वाटती.

रंभा


पुणे,
६ एप्रिल १९८२

श्रीमती रंभाबाई यांस,

आपली तार वडिलांच्या हातात पडली. त्यांनी ती तीनदा वाचली आणि मग विचारलं, मी कॉलेजात नेमकं काय शिकते.

सभेचा वृत्तान्त आपल्याला हवा असेल म्हणून लिहिते. सरांना मी आदल्या दिवशी खरं सांगितलं. त्यांनी सभेचा छापील कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "नाव छापून आलंय, उभं तर राहावंच लागेल." मी उभी राहिले. सांगितलं, की मासे दगडांवरून गेले नाहीत, त्यांची पाठवणी झाली. मागणी, खण, घागर, सगळं सांगितलं. मुंबईचे एक जाडजूड गृहस्थ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाण्याचे साहेब मधूनच उठून गेले.

हशा ओसरल्यावर मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "सासरी गेलेल्या या लेकींपैकी एक तरी आपल्या आपण वर परत आली का?" मी म्हटलं, नाही. मी तर परवापर्यंत पाहत होते, एकही नाही. त्या म्हणाल्या, "मग हेच सांग ना. पाणी वाहत होतं तेव्हा येत-जात होत्या. पाणी तुटल्यावर माणसांनी खाली नेल्या, त्या परत फिरू शकल्या नाहीत." यावर कुणी हसलं नाही.

सरांनी अजून काही ठरवलेलं नाही. बाबांनी बँकेचा अर्ज आणून माझ्या टेबलावर ठेवला आहे. मी आपल्याला एकच गोष्ट मागितली होती. मासे होते तिथे राहू द्यावेत.

आपली,
जया


आसरांची वाडी
ता. १४ एप्रिल

चि. जयी,

"आपण" म्हणतीस व्हय मला? म्हण. माझ्या सासूनं मरेपतुर मला "अगं"च्या पुढं कायबी म्हटलं न्हाई, तवा "आपण" ऐकून दोन दिस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी न्हाई वाटलं.

माफीबिफी मला लिवता येत न्हाई. दुसरीच्या पुस्तकात त्यो धडा न्हवता.

तुला कळवायचं ते येगळंच. खालचा डोह उतरलाय. मांडीएवढं पाणी, त्यात साऱ्या वाडीच्या म्हशी. खडश्या वर येऊन तोंडं उघडत्यात. बगळे काठावर पंगतीला बसल्यावाणी बसल्यात. कुशाबाची वाडी चुरमुरे टाकती आन् म्हणती, लेक जेवती बघा. ती जेवत न्हाई, हवा खाती. वरचा डोह अजून दोन पुरुष खोल हाय. तिथल्या मजेत हायेत.

हे तुझ्या कागदात बसत असंल तर लिव.

रंभा


पुणे,
१८ एप्रिल १९८२

ती. मावशीआजीस,
नमस्कार.

बसतंय. तुझ्या पत्राची नक्कल करून सरांना दिली. पण ते नंतर.

मावशीआजी, त्या मरतील. उथळ, तापलेल्या पाण्यात खडशीला श्वास पुरत नाही. मेपर्यंत तग धरणार नाहीत. आणि माझे जे पिवळे मणी आहेत तेही. सगळ्याच वर न्यायला हव्यात. मी येऊन जाळं टाकलं, तर कुशाबांची वाडी मला डोहात बुडवेल. तांबड्या मण्यांना आता हात कोण लावू देणार?

म्हणून विचारते, आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक. सासरी गेलेल्या लेकीला उन्हाळ्यात माहेरी आणायची काही रीत आहे का? नसेल तर तू एखादी… म्हणजे, तुला सुचेल ते.

हे मी लिहिलंय, असं सरांना कधीही कळता कामा नये.

तुझी,
जया


आसरांची वाडी
ता. ३ मे

चि. जयी,

पत्र चुलीत टाकलं, पण आधी नूरजहाँला वाचून दाखवलं. ती म्हणली, "पोरगी आपल्यावर गेली."

कुशाबाकडं गेले. म्हटलं, "लेकी माहेरी न्यायच्यात." त्यो म्हणतो, "अशी मधीच सून कशी धाडू? उन्हाळ्याची कामं हायेत." मी म्हटलं, "कुशाबा, मासोळी तुझ्या घरी कंचं काम करती?" त्यो म्हणतो, "रीत ती रीत, काकी. तुमीच घातलेली." घरभेदी माणूस बाहेरचा नसतो बघ, आपलंच बोलणं असतं.

त्येची बायको तर कमरेला पदर खोचून आली. "आमी काय उपाशी ठिवतो व्हय त्यांला? चुरमुरे घालतो, डाळं घालतो." मी पाण्याकडं बघितलं. एक खडशी वर आली. पोट हे एवढं. मग मला वाट घावली.

म्हटलं, "बाई, तुझं पयलं बाळंतपण कुटं झालं?"

ती म्हणती, "माझ्या माहेरी, मुठ्याला. पयलं माहेरीच असतंय की."

"मग हिच्याकडं बघ जरा."

बघितलं तिनं. कमरंचा पदर सोडला. मग म्हणाय लागली, "अगं बया, कितवा असंल?" आता मासळीचा कितवा ते मला काय ठावं? म्हटलं, भरत आलेत. त्याच्यावर कुणाचा बाप बोलतो? पयल्या बाळंतपणाला आडवी आलेली सासू गावात तोंड दाखवू शकत न्हाई.

पण तसंच सोडतील तर कसं. आधी डोहाळजेवण झालं. म्हशी बाहेर काढल्या, पाण्याला हिरवी साडी दाखवली. मग घागरी लागल्या. तांबड्यातल्या पाच मिळाल्या, दोन बगळ्यांनी न्हेल्या. पिवळ्यांचं काय म्हणून कुणीतरी इचारलं. मी म्हटलं, "बाळंतिणीबरोबर पाठराखण्या नकोत?" समद्या न्हेल्या. कोंडिबा परत रडला. त्याला आता सवय झालीया.

वरच्या डोहात सोडल्या तशा खाली बुडी मारून गेल्या. मागं वळून बी बघितलं न्हाई. तेच बरं.

आता खरी भानगड ऐक. कुशाबाची वाडी म्हणती, बाळंतपण झालं की सुना परत पाहिजेत. आन् घागरीतनं न्हाई. चोरून आणल्यावाणी दिसतंय. मानानं, आपल्या पाण्यातनं, त्या दगडांवरनं. पुढल्या उन्हाळ्यात माहेरी जायचं तरी त्याच वाटंनं. म्हंजी दगडांवरनं पाणी पायजे, बाराही महिने. दोन्ही वाड्या मिळून पाण्याच्या सायबाकडं अर्ज करणार हायेत, "वरचे ओढे अडवू नका, दगडांवर पाणी वाहतं ठिवा, आमच्या लेकींची वाट हाय." शंभरावर अंगठे झालेत. तुझ्या सभेत तरी एवढी माणसं व्हती का?

अर्ज कुशाबाच्या जावयानं लिवलाय. पण एका जागी अडलाय. किती पाणी पायजे ते लिवाय लागतं. कोंडिबा म्हणतो, पुरुषभर लिवा. कुशाबा म्हणतो, गुडघाभर तरी लिवा. मी म्हटलं, थांबा. आमची एक पोरगी पुण्यात ह्याच्यावरच शिकती. तिला इचारल्याबिगर आकडा घालायचा न्हाई.

तवा ती जागा मोकळी ठिवलीया. बाराजण रोज येऊन इचारत्यात. लवकर कळव, बँकेची परीक्षा नंतर दे.

रंभा


पुणे,
९ मे १९८२

प्रिय मावशीआजी,

तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचलं. बाळंतपणापर्यंत आले तेव्हा आई हसून खाली बसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी "ती जागा मोकळी ठिवलीया" हे वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे दोन गावं तुझ्या उत्तरासाठी थांबली आहेत?" मी म्हटलं, हो. ते उठले आणि टेबलावरचा बँकेचा अर्ज कपाटात ठेवून आले. फाडला नाही हं, ठेवला. एक वर्ष मिळालं आहे. सरांनीही मान्य केलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मणी बांधायचे, या वेळी तुझ्यावर पहारा ठेवून, अशी त्यांची अट आहे.

आता उत्तर. डिसेंबर-जानेवारीत ज्या खडश्या आपल्या आपण वर आल्या, तेव्हा दगडांवर सगळ्यात उथळ जागी एक वीत पाणी होतं. त्याच्या खाली गेल्यावर एकही आली नाही. एका हिवाळ्याचा पुरावा थोडा आहे, तसं मी सरांपुढे कबूल करते. पण आज मला एवढंच खात्रीने सांगता येतं. पुरुषभर लिहू नका, गुडघाभर लिहू नका, कुणी विश्वास ठेवणार नाही. वीतभर लिहा. त्याहून जास्त मागायचा मला हक्क नाही, आणि त्याहून कमी खडशीला पुरत नाही.

तुझी,
जया


आसरांची वाडी
ता. १३ मे

चि. जयीला आशीर्वाद.

वीतभर लिवलं. कोंडिबा हिरमुसला, कुशाबा म्हणला, एवढ्यासाठी पुण्याला शिकाय जातात व्हय? मी म्हटलं, खरं तेवढंच लिवायचं, आमच्या पोरीचा तसा कायदा हाय.

अर्ज घेऊन कुशाबाचा जावई सोताच सायबाकडं जाऊन आला. सायेब सोमवारी स्वतः येणार हाय, दगडांवर हुबं राहून वीत कुटं लागती ते बघाय. वीत कुणाची, त्ये मात्र कागदावर कुणीच लिवलं न्हाई, सायबानं बी इचारलं न्हाई. तवा मोजायला आमी कोंडिबाला हुबा करणार हाय. त्येचा पंजा तू बघितलायस, फावडं हाय नुसतं. अंगठा ताणला की निम्मा हात पुढं जातो. कालपासनं दाराच्या चौकटीवर ताणून बघतोय.

तुझ्या शास्त्रात हे बसत नसंल तर तसं कळव. पत्र मंगळवारी पोचंल अशा बेतानं टाक.

रंभा